नाव सर्वांत शेवटी वाचावे : मासेमारीच्या जुन्या रिळांची पारख

मासेमारीचे जुने रीळ हातात आले की नजर आधी त्यावर कोरलेल्या नावाकडे जाते. नाव मोठे असले तर वस्तू मोलाची, नाव नसले तर भंगार, असा हिशेब मनात होऊनही जातो. जुनी रिळे जमवण्याच्या छंदाची गेल्या पन्नासएक वर्षांतली वाटचाल पाहिली तर शिकण्यासारखी मुख्य गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. नाव हा रिळावरचा सर्वांत कच्चा पुरावा असतो. दुकानदार दुसऱ्याच्या कारखान्यातून माल करून घ्यायचे आणि त्यावर आपला शिक्का मारायचे. कारखाना विकला गेला तरी नवा मालक जुनेच नाव चालवायचा. भागीदारी मोडायची, शिक्का तसाच राहायचा. धातू, स्क्रू, काठीवर बसणारा पाय, आतला खटका आणि मुठीचा पदार्थ या गोष्टी मात्र त्या काळी त्या गावात काय बनवता येत होते तेच सांगतात. म्हणून मुरलेले संग्राहक रीळ उलटसुलट करून, शक्य असेल तर उघडून पाहतात आणि नावाकडे सर्वांत शेवटी वळतात.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारी म्हटली की जाळे आठवते. रीळ हे काठी, दोरा आणि गळ घेऊन एकेक मासा धरणाऱ्याचे साधन. त्याची कामे तीन : लांब दोरा नीट गुंडाळून ठेवायचा, फेकताना तो मोकळा सोडायचा आणि गळाला लागलेला मासा पळू लागला की त्याला हळूहळू दमवायचे. ही कामे साधणाऱ्या रिळांची तीन मोठी घराणी आहेत. पहिल्यात मुठीचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. फ्लाय फिशिंगची, म्हणजे माशीच्या आकाराच्या आमिषाने करायच्या मासेमारीची, बहुतेक रिळे आणि इंग्लंडमधली सेंटरपिन यात येतात. दुसऱ्यात दातेरी चक्रे असतात आणि मुठीच्या एका फेऱ्यात चाक दोनदा, तीनदा, चारदा फिरते, हे मल्टिप्लायर. तिसऱ्यात दोऱ्याचे चाक फेकताना फिरतच नाही, दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी निसटतो. हे फिक्स्ड स्पूल, आजच्या स्पिनिंग रिळाचे पूर्वज.

रिळाच्या जुन्यात जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणजे एक चित्र आहे. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराने ११९५ च्या सुमारास हिवाळी तळ्यावर एकटाच होडीत बसलेला मासेमार रंगवला. त्याच्या काठीवर रीळ स्पष्ट दिसते. हे चित्र आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्रजीत रिळाचा उल्लेख टॉमस बार्करच्या १६५१ च्या पुस्तकात येतो. संग्राहकाच्या हाती लागू शकेल अशी वस्तू मात्र अठराव्या शतकापासून पुढची. लंडनचा ओनेसिमस उस्टनसन त्या शतकाच्या उत्तरार्धात पितळी मल्टिप्लायर विकत होता. त्या काळच्या रिळांना आजच्यासारखा सपाट पाय नसे. काठीत भोक पाडून त्यातून जाणारा खिळा असे, नाहीतर काठीभोवती आवळायचा पट्टा. एखाद्या निनावी पितळी रिळाखाली असा खिळा किंवा पट्टा दिसला तर ते सपाट पायाच्या घडणीआधीच्या परंपरेतले आहे, एवढे तरी नावाशिवाय कळते.

रिळाचा कारागीर आधी दुसऱ्याच कुठल्यातरी धंद्यातला होता, हे लक्षात आले की या विषयाचा गाभा हाती येतो. मला तरी या छंदातले सर्वांत मोठे सुख यातच वाटते.

अमेरिकेत केंटकी राज्यात पॅरिस नावाचे गाव आहे. तिथल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजी आणि चांदीकाम करणाऱ्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपास स्वतःसाठी आणि मित्रांसाठी मल्टिप्लायर बनवले. बॅस हा मासा धरायला आमिष दूर फेकावे लागते आणि त्यासाठी चाक लोण्यासारखे हलके फिरावे लागते. घड्याळाची चक्रे कापणाऱ्या हातालाच ते जमले. पुढे १८३० च्या दशकात फ्रँकफर्ट गावचे जोनाथन आणि बेंजामिन मीक हे बंधू या कामात उतरले. तेही घड्याळजीच. त्यांच्याकडे शिकलेला बेंजामिन मिलम पुढे भागीदार झाला. या केंटकी रिळांची खूण घड्याळाच्या दुकानातलीच आहे : प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकासाठी बसवून घेतलेला आणि स्क्रूवर व भोकाजवळ जुळणारा आकडा ठोकलेला. काही रिळांच्या आसाच्या टोकांना घड्याळासारखे खडेही बसवलेले असत. चार क्रमांकाच्या भोकात सात क्रमांकाचा स्क्रू निघाला तर कोणीतरी कधीतरी हे रीळ उघडून निष्काळजीपणे बंद केले, किंवा दोन रिळांचे मिळून एक केले, हे उघड होते.

केंटकीच्या रिळांवरचे नाव का फसवते, तेही इथेच पाहावे. मीक आणि मिलम यांची भागीदारी मोडल्यावरही मिलमने 'मीक अँड मिलम' हा शिक्का वापरणे सोडले नाही. बेंजामिन मीक पुढे लुईव्हिलला गेला आणि मुलांसह 'बी. एफ. मीक अँड सन्स' चालवू लागला. १९१६ मध्ये हा धंदा कनेटिकटमधल्या ब्रिस्टलच्या हॉर्टन कंपनीने घेतला आणि मीक हे नाव तिथून पुढे चालू राहिले. म्हणजे मीक या एकाच शिक्क्याखाली एका खोलीत हाताने कापलेले रीळही असू शकते आणि दूरच्या कारखान्यात यंत्रावर निघालेलेही. दोन्ही चांगलीच आहेत. त्यांची किंमत आणि त्यांचा इतिहास मात्र एक नाही.

इंग्लंडमध्ये वाट वेगळी. रेडिच हे सुया बनवणारे गाव. सुईची तार वाकवून टोकाला काटा काढला की गळ होतो, त्यामुळे हे गाव गळांचेही माहेर झाले. १८०३ पासून चालत आलेली ऑलकॉक ही तिथली मोठी पेढी. हेन्री कॉक्सन यांच्या कल्पनेवरून १८९६ च्या सुमारास त्यांनी एरियल हे सेंटरपिन रीळ आणले. सायकलच्या चाकासारख्या आऱ्यांवर ताणलेले त्याचे चाक नुसत्या फुंकरीने फिरावे इतके हलके. नॉटिंगहॅम हे लेसचे गाव. तिथली रिळे लाकडी, बहुधा अक्रोडाची, आणि पाठीवर पितळी चांदणी किंवा पट्टी. लेसच्या यंत्रावरच्या लाकडी फिरकीतून ही कल्पना आली असे सांगतात. लाकूड पाण्याने फुगते, म्हणून ती चांदणी शोभेसाठी नव्हती; फळी वाकू नये म्हणून होती. नूअर्कचा डेव्हिड स्लेटर याने १८८३ मध्ये चाक चटकन काढता येईल असा खटका पेटंट केला. तो खटका दिसला की रीळ त्या सालाआधीचे नाही एवढे ठरतेच.

ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरी कापडाच्या गिरण्या. तिथले गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये फिक्स्ड स्पूल रिळाचे पेटंट घेतले. गिरणीत कांडीवरून सूत टोकाकडून उलगडते, कांडी जागची हलत नाही. तीच युक्ती त्यांनी दोऱ्याला लावली. ज्यांनी इचलकरंजीत किंवा मालेगावात मागावर कांडी भरताना पाहिली आहे, त्यांना इलिंगवर्थचे रीळ समजावून सांगावे लागत नाही. त्याआधी, १८८४ मध्ये, स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉकने निम्मी वाट चाललेलीच होती. त्याच्या रिळाचे डोके फेकताना काठीच्या दिशेला वळवायचे आणि गुंडाळताना परत सरळ करायचे. दोऱ्याला पीळ पडायचा ही त्याची अडचण, पण कल्पना धाडसी होती आणि शाबूत अवस्थेतला मॅलॉक आजही संग्रहात अभिमानाने ठेवला जातो.

पुढची नावे पाहा. फ्रान्सच्या ओत-साव्वा भागातले क्लूझ हे घड्याळाचे बारीक भाग कापणारे गाव. तिथल्या कार्पानो आणि पोन्स यांच्या कारखान्यातून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मिचेल रीळ निघाले आणि पुढे गार्सिया कंपनीमार्फत अमेरिकेतल्या घराघरांत मिचेल ३०० पोहोचले. स्वीडनमधल्या स्वेंगस्ताची आबू कंपनी १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झाली. तिने टॅक्सीमीटर बनवले आणि महायुद्धाच्या काळात ती रिळांकडे वळली. तिचे लाल अँबॅसडर ५००० हे १९५० च्या दशकातले रीळ आजही संग्राहकांचे लाडके आहे. ओक्लाहोमातल्या टल्साची झीरो अवर बॉम्ब कंपनी तेलाच्या विहिरीत ठरावीक वेळी फुटणारे स्फोटक बनवायची. तिच्याकडे आर. डी. हल नावाचा टेक्ससचा घड्याळ दुरुस्त करणारा माणूस बंद तोंडाचे रीळ घेऊन आला. १९४९ मध्ये त्या कारखान्याने ते बाजारात आणले आणि कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांतून झेबको हे नाव घडले. स्नायडरपासून हलपर्यंत घड्याळजी पुन्हा पुन्हा भेटतो तो योगायोगाने नव्हे. बारीक दाते, सरळ आस आणि कमीत कमी घर्षण हे दोन्ही धंद्यांचे समान दुखणे आहे.

आता पारखण्याच्या बाजूने एकच रीळ नीट पाहू : हार्डीचे परफेक्ट. विल्यम हार्डी याने १८७२ मध्ये नॉर्थंबरलँडमधल्या अॅन्निक गावी बंदूकसाजाचे दुकान काढले. भाऊ जॉन जेम्स लवकरच त्याला येऊन मिळाला आणि पेढी मासेमारीच्या साहित्याकडे वळली. परफेक्टचे पेटंट १८८८ चे, रीळ विक्रीला आले १८९१ मध्ये. त्याची मुख्य करामत म्हणजे चाक छोट्या पोलादी गोळ्यांवर फिरते. पहिली परफेक्ट रिळे संपूर्ण पितळी होती आणि आज ती फारच दुर्मीळ आहेत. नंतर मागचा भाग हलक्या मिश्रधातूचा झाला आणि तोंड पितळी राहिले. अशा पितळी तोंडाच्या कित्येक रिळांवर काठी धरलेल्या हाताचे चिन्ह ठोकलेले आढळते. त्यानंतर सगळेच मिश्रधातूचे झाले, त्यावर शिशासारखी करडी झिलई आली.

या रिळावर उत्पादनाचे साल नसते. मग ते कसे लावायचे? उघडून. आतल्या खटक्याची, म्हणजे दोरा सुटताना कर्रकर्र आवाज करणाऱ्या आणि माशाला अडवणाऱ्या यंत्रणेची, घडण बदलत गेली. संग्राहक १८९६ चा खटका, १९१२ चा खटका, १९१७ चा खटका अशी भाषाच बोलतात. १९१७ नंतरच्या खटक्यावर 'मार्क टू' असा शिक्का दिसतो. कडेवरचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू आधी धातूच्या पट्टीखाली असे, नंतर खाचांच्या गोल चकतीने पक्का होणारा आला. पाय आधी गुळगुळीत पितळी, मग रेघा असलेला पितळी, मग मिश्रधातूचा. आतल्या बाजूला कित्येकदा एक-दोन अक्षरे ठोकलेली असतात. ती ते रीळ जुळवणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे. ही सगळी चिन्हे एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर रीळ अस्सल आणि अखंड. पाय जुना, खटका नवा आणि मूठ तिसऱ्याच काळाची निघाली तर कुठेतरी बदल झाला आहे. तो बदल फसवणुकीचाच असतो असे नाही. अॅन्निकचा कारखाना गिऱ्हाइकांची जुनी रिळे दुरुस्त करून नवे भाग घालून परत पाठवत असे. म्हणून विसंगती दिसली की आधी विचारायचा प्रश्न 'खोटे कोणी केले?' हा नसून 'दुरुस्ती केव्हा झाली?' हा असावा. हार्डीने आपली जुनी नमुनेदार रिळे नंतरच्या काळात पुन्हा काढली, हेही लक्षात ठेवावे लागते.

पदार्थांचा कालक्रम हा दुसरा भक्कम आधार. पितळ सर्वकाळ आहे, म्हणून ते फारसे सांगत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदीचा कणही नाही. चांगल्या अमेरिकन रिळांच्या कडा त्याच्या असत. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, चार्ल्स गुडइयरच्या १८४४ च्या पेटंटनंतरचे. न्यूयॉर्कच्या एडवर्ड आणि ब्रुकलिनच्या ज्युलियस फॉम होफ यांच्या रिळांच्या काळ्या तबकड्या याच पदार्थाच्या. एबोनाइट बोटाने घासून गरम केले की गंधकाचा वास येतो आणि उन्हात राहिले की काळ्याचे तपकिरी-हिरवट होते. बेकेलाइट १९०७ नंतरचे, त्याला कार्बोलिकसारखा वास. अॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची पद्धत १८८६ ची. म्हणून अॅल्युमिनियमचे रीळ १८६० चे म्हणून कोणी पुढे केले तर बोलणे तिथेच थांबवावे. नायलॉनचा दोरा १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाल्यानंतरचा. मूठ हस्तिदंती आहे की नकली, हे भिंगाखाली कळते : खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी असते. हस्तिदंताची बाब आता नुसत्या पारखेची उरलेली नाही. ब्रिटनचा २०१८ चा कायदा २०२२ पासून अमलात आला आणि १९४७ पूर्वीच्या, दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूही तिथे नोंदणीशिवाय विकता येत नाहीत.

तिसरा आधार सरकारी कागदांचा. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यामुळे परदेशी मालावर देशाचे नाव आवश्यक झाले. त्यामुळे फक्त 'इंग्लंड' एवढा शब्द ठोकलेले रीळ बहुधा १८९१ नंतरचे. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या नमुन्यांची सलग क्रमांकाची मालिका १८८४ पासून चालली, त्यावरून नोंदणीचे साल निघते. 'ऑक्युपाइड जपान' हे शब्द असलेला माल महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या वर्षांतला. पेटीवरच्या अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर पेटी १९६३ नंतरची. आबूच्या रिळांच्या पायाखाली १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जो आकडा येतो त्याचे पहिले दोन अंक सालाचे आणि पुढचे दोन महिन्याचे.

पेटंटच्या तारखेबाबत नवशिके हमखास चुकतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. ज्युलियस फॉम होफच्या कित्येक रिळांवर १८८५ आणि १८८९ च्या पेटंट तारखा आहेत. ते रीळ त्या साली बनले असे त्यातून सिद्ध होत नाही. त्या सालाआधी बनले नाही एवढेच सिद्ध होते. कारखाना तोच ठसा पुढे कितीतरी वर्षे वापरत राहतो. पेटंटची तारीख ही खालची मर्यादा आहे. वरची मर्यादा पदार्थ, घडण आणि कंपनीची त्या त्या वर्षीची सूचीपत्रके यांतून काढावी लागते. हार्डीची अँगलर्स गाइड ही वार्षिक सूचीपत्रके म्हणूनच रिळांइतक्याच आवडीने जमवली जातात.

रिळांखेरीज बाकीच्या साहित्याचा संसारही मोठा आहे. अमेरिकेत कृत्रिम आमिषांचा संग्रह रिळांच्याही पुढे गेलेला आहे. मिशिगनमधल्या डोवॅजियाकच्या जेम्स हेडन यांच्या लाकडी आमिषांवर रंगाचे थर, काचेचे किंवा रंगवलेले डोळे आणि गळ अडकवायच्या धातूच्या कड्या यांवरून काळ ठरतो. कड्यांची घडण टप्प्याटप्प्याने बदलली आणि ते टप्पे संग्राहकांना पाठ असतात. ओहायोच्या रायली हॅस्केलने १८५९ मध्ये पेटंट केलेल्या धातूच्या माशाचा एक मोठा तांब्याचा नमुना २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला. एवढ्या पैशांमुळे खोटा रंग देणारेही आले. जुन्या लाकडावर नवा रंग चढवला तर जंबुपार प्रकाशात तो बहुधा वेगळा चमकतो, आणि जुन्या रंगाच्या बारीक भेगांची नक्कल करणे वाटते तितके सोपे नाही.

माशीच्या आकाराची आमिषे, ज्यांना फ्लाय म्हणतात, त्यांच्यात गळाला धातूचे नेढे आहे की रेशीमकिड्याच्या तातीची गाठ, हे आधी पाहावे. तातीचे नेढे म्हणजे जुना काळ. या आमिषांची पिसे हा वेगळाच विषय आहे. सामन (सॅल्मन) माशासाठीच्या जुन्या फ्लायना दक्षिण भारतातल्या, आपल्या सह्याद्रीतल्याही, करड्या रानकोंबड्याच्या मानेची पिवळट ठिपक्यांची पिसे लागत. ठिपका एनॅमलसारखा चकचकीत, म्हणून माशीचा डोळा दाखवायला उत्तम. या पक्ष्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. पिसांचा हव्यास कुठपर्यंत जातो ते २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली तेव्हा जगाला दिसले. चोर फ्लाय बांधणारा होता. विज्ञानासाठी शंभर-दीडशे वर्षे जपलेले नमुने, त्यांच्यावरच्या जागा-तारखांच्या चिठ्ठ्या तोडून, पिसापिसाने विकले गेले. संग्राहकांनी ही घटना विसरू नये असे मला फार वाटते, कारण तिथे मागणी संग्राहकांचीच होती.

काठ्यांतही भारत आहे. बांबूच्या पट्ट्या तासून, षट्कोनी चिकटवून केलेल्या काठ्या अमेरिकेत आधी पेनसिल्व्हेनियाच्या सॅम्युएल फिलिपी या बंदूकसाजाने आणि पुढे हायरम लेनर्डने नावारूपाला आणल्या. त्यांना सुरुवातीला बांबू लागे तो 'कलकत्ता केन' म्हणून ओळखला जाणारा, भारतातून जाणारा. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. कलकत्ता बांबूवर आगीने पडलेले तपकिरी डाग असत. तेव्हा काठीवर असे डाग दिसले तर ते खराबी म्हणून खरवडू नयेत. तेच तिच्या वयाचे दाखले आहेत.

खरवडण्यावरून पॉलिशकडे येतो. आपल्या घरात पितळ म्हटले की चिंच, राख किंवा पीतांबरी हाताशी येतेच, आणि देवाच्या तांब्यासाठी ते योग्यही आहे. जुन्या रिळाला मात्र ते करू नये. पितळावरचा काळसर थर, हार्डीच्या मिश्रधातूवरची करडी झिलई, स्क्रूच्या खाचेत बसलेली मळी यांवरूनच एखादा भाग मूळचा की बदललेला हे ठरते. एकदा घासले की पुरावा गेला, आणि कोरलेली अक्षरेही उथळ झाली. मऊ फडक्याने धूळ पुसावी, आत घट्ट झालेले तेल हळूच काढून हलके तेल द्यावे, बस्स. उघडायचे असेल तर स्क्रूच्या खाचेत अगदी नेमका बसणारा पेचकस हवा. सैल पेचकसाने खाच फाटली की ती जखम कायमची. केंटकीचे रीळ असेल तर प्रत्येक स्क्रू त्याच्या आकड्याप्रमाणे कागदावर मांडून ठेवावा. उघडण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे.

जुन्या साहित्याचा आपल्या देशाशी संबंध केवळ पिसे आणि बांबूपुरता नाही. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले, आणि महसीर हा मासा पकडणे हा साहेबांचा मोठा शौक झाला. महसीर पहिल्या झटक्यातच लांबच लांब दोरा ओढून नेतो आणि जबड्याने गळ चेमटवतो. सामनसाठी केलेले साहित्य इथे अपुरे पडे. १९४६ मध्ये कर्नाटकातल्या कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महसीर धरला. १९४८ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ए. सेंट जे. मॅकडोनल्ड यांचे महसीरविषयीचे पुस्तक काढले. त्या काळी भारतात कोणते रीळ, कोणता दोरा, कोणते गळ वापरले जात हे समजून घ्यायला अशी पुस्तके हाताशी हवीत. आज चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादे काळवंडलेले रीळ दिसले तर ते याच शौकाचा अवशेष असण्याची शक्यता आहे. तिथे विकणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : हे कोणत्या घरातून आले? उत्तर मिळाले तर लिहून ठेवावे. बंगल्याचे, चहामळ्याचे, छावणीचे नाव रिळासोबत राहिले तर ते नुसत्या शिक्क्यापेक्षा जास्त सांगते.

ज्या माशासाठी ही हत्यारे आणली त्याचीही अवस्था या आढाव्यात सांगायला हवी. कावेरी खोऱ्यातला कुबडवाला महसीर २०१८ मध्ये 'टॉर रेमादेवी' म्हणून शास्त्रीय नावाशी जुळला आणि त्याच वर्षी जागतिक यादीत नष्ट होण्याच्या अगदी काठावरची जात म्हणून नोंदला गेला. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास चालवली आहे. पवईच्या तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आजही आहे.

या छंदाचे लेखन आणि संस्था तुलनेने तरुण आहेत. आमिषांच्या संग्राहकांचा अमेरिकन राष्ट्रीय क्लब १९७६ चा, जुन्या रिळांच्या संग्राहकांची संघटना १९९० ची. व्हर्माँटमधल्या मँचेस्टरला फ्लाय फिशिंगचे संग्रहालय १९६८ मध्ये स्थापन झाले; ज्या गावात चार्ल्स ऑर्व्हिसने १८७४ मध्ये भोके पाडलेल्या तबकड्यांचे, दोरा वाळू देणारे हलके रीळ पेटंट केले, ते हेच गाव. स्टीव्हन व्हर्ननचे जुन्या अमेरिकन रिळांवरचे पुस्तक १९८५ चे, ग्रॅहम टर्नरचे संग्राहकांसाठीचे मार्गदर्शन १९८९ चे, जॉन ड्रुएटचे हार्डीच्या रिळांवरचे आणि ती घडवणाऱ्या माणसांवरचे पुस्तक १९९८ चे. ड्रुएटच्या कामाचे मोल मला सर्वाधिक वाटते, कारण त्यात कारखान्याच्या मालकांबरोबर बाकावर बसून खटके जुळवणारी माणसेही आहेत आणि रिळाच्या आत ठोकलेल्या त्या एक-दोन अक्षरांना चेहरा मिळतो.

दुकानांसाठी निनावी माल करणाऱ्यांवर मात्र काम अजून पातळ आहे. बर्मिंगहॅमच्या पितळकाम करणाऱ्या गल्ल्यांतून असंख्य रिळे शिक्क्याविना बाहेर पडली आणि लंडन, डब्लिन, एडिंबरोच्या दुकानदारांची नावे घेऊन फिरली. रेडिचच्या जे. डब्ल्यू. यंग यांच्या कारखान्याने १८८४ पासून स्वतःच्या नावाबरोबर कितीतरी इतर पेढ्यांसाठी रिळे केली. अशी दोन वेगळ्या नावांची रिळे शेजारी ठेवून पाय, खटका आणि मुठीचे रिव्हेट जुळवून पाहिले की दोन्ही एकाच बाकावरून उठलेली आहेत हे सिद्ध करता येते. अशा तुलनेला पैसे फारसे लागत नाहीत, कारण निनावी रिळे अजून स्वस्तात मिळतात. मापे घेण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, बऱ्यापैकी प्रकाश आणि नोंदवही एवढी सामग्री नव्याने सुरुवात करणाऱ्याला पुरते.